फॅमिलीचं भाडं

चंद्राबाईंचा फोन आला तेव्हा मी कुपवाडच्या रस्त्याला एका रिकाम्या फ्लॅटमध्ये नळ सोडून उभी होते. भाड्याची जागा बघायला गेले की मी आधी नळ सोडते. भिंतीला रंग कुणीही देतं, पाणी द्यायची वेळ आली की मालकाचं तोंड वाकडं होतं. नळ आधी नुसताच खोकला, मग तांबूस पाणी थुंकला आणि मग नीट वाहायला लागला, तेवढ्यात फोन वाजला. शंभर फुटी रस्त्याच्या मागं चंद्राबाईंचं घर आहे. खाली त्या एकट्या राहतात. वर एक खोली, स्वयंपाकघर आणि पुढं गच्ची, ती जागा भाड्यानं लावून द्यायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. त्यांच्या फोनमध्ये माझं नाव 'क्रांती रूम' असं आहे. मला आडनाव आहे, नवरा आहे, पुण्यात नोकरी करणारी मुलगी आहे, यातलं त्यांना काही ठाऊक नाही, आणि मीही कधी सांगितलं नाही. दलालाला घर नसतं असंच लोक धरून चालतात. "क्रांते, एक माणूस आलता बघ खोली बघाय," त्या म्हणाल्या. "फाटकावर मीच लावलेला बोर्ड बघून आलता. मिल्ट्रीतनं रिटायर झालेला हाय, उंब्रजकडचा. बोलाय-चालाय बरा वाटला. पर फॅमिली न्हाई म्हणतोय. एकट्यालाच पायजे म्हणं. देऊ का नगं? आन द्यायची तर काय लावू?" मी सगळ्यांबद्दल विचारते तसं नाव विचारलं. "जयराज. आडनाव सांगितलं त्यानं, पर ध्यानात ऱ्हायलं न्हाई. डाव्या भुवईत कापल्याची खूण हाय बघ, तिथं केसच न्हाईत."

नळ चालूच होता. तो बंद करायचं मला सुचेना. "कोण म्हणालात?" मी विचारलं. "आगं, जयराज, जयराज," त्या ओरडल्या, कारण समोरच्याला ऐकू गेलं नाही की फोनचीच चूक आहे असं त्यांना वाटतं. मग मी ते नाव मोठ्यांदा उच्चारलं. "जयराज का? बरं, बरं." लग्न झाल्यापासून हे नाव मी फक्त उखाण्यात घेतलं होतं, तेही कुणी दार अडवलं तर. एरवी 'हे', 'राजूचे पप्पा', आणि पाठीमागं थट्टेनं 'आमचे हवालदार'. आणि आज एका परक्या फ्लॅटच्या मोरीत उभं राहून, ना यमक ना जुळणी, नुसतं नाव घेतलं. माझाच आवाज फरश्यांवर आपटून परत आला. "मी येऊन बघते माणूस," मी म्हणाले. "मी आल्याशिवाय काही बोलू नका." चंद्राबाईंना तेच हवं होतं. "उद्या सकाळी ये. त्यालाबी उद्याच या म्हणलंय. माझी एक बाई हाय, ती भाडं ठरवती, असं सांगितलंय मी त्याला." फोन ठेवला आणि नळ बंद केला. बादली नव्हती, म्हणून एवढं पाणी फुकट गेलं याचं मला वाईट वाटलं. खरं तर दुसऱ्याच कशाचं तरी वाटत होतं, पण ते अजून अंगापर्यंत पोचलं नव्हतं.

जागेचं भाडं कसं ठरतं असं लोक मला विचारतात. पाणी, ऊन, जिना, मालकाची जीभ. सांगलीत आणखी एक, पुराचं पाणी कुठवर आलं होतं. भिंतीला हात लावला की मला कळतं, वरून कितीही रंग लावलेला असो. पण हे सगळं नंतरचं. सगळ्यांत आधी मालक एकच विचारतो, फॅमिली आहे का? फॅमिली असली तर भाडं कमी, एकटा असला तर जास्त. चंद्राबाईंचं गणित ठरलेलं आहे, फॅमिलीला साडेपाच हजार, एकट्याला साडेसहा. मी एकदा त्यांना म्हटलं, मावशी, एकट्याला पाणी कमी लागतं, संडास कमी तुंबतो, मग त्याला हजार रुपये जादा का? तर म्हणाल्या, "एकट्याचा काय नेम हाय गं? आज हाय, उद्या पिशवी उचलून जाईल. फॅमिली टिकती." मी हसले होते. बारा गावचं पाणी प्यायलेली मी, माझ्या तोंडीसुद्धा हा शब्द हजारदा येऊन गेलाय. बोर्डवर लिहिते, 'फक्त फॅमिलीसाठी'. फोनवर सांगते, 'मालकांना फॅमिलीच पाहिजे'. आमच्याकडे या शब्दाचा घोळ मात्र पहिल्यापासून आहे. धंदा नवीन होता तेव्हा कोरेगावकडचा एक जवान खोली मागायला आला. मी त्याला विचारलं, "फॅमिली केवढी आहे?" तो आधी दचकला, मग लालबुंद झाला आणि म्हणाला, "एकच हाय की ओ, मॅडम!" कारण पलटणीत फॅमिली म्हणजे बायको. कुटुंबकबिला नव्हे, पोरंबाळं नव्हे, म्हातारे आईबाप तर मुळीच नव्हे. फॅमिली म्हणजे ती एक बाई. दुसऱ्या कुणाला हे सांगावं लागतं, मला लागलं नाही. मी स्वतःच कुणाची तरी फॅमिली होते.

अंबाल्याच्या स्टेशनावर मी पहिल्यांदा उतरले तेव्हाची गोष्ट. लग्नानंतर बराच काळ मी उंब्रजजवळच्या त्यांच्या घरी सासूच्या हाताखाली राहिले होते. क्वार्टरला नंबर लागत नव्हता. हे सुट्टीवर यायचे, जायचे. शेवटी एकदाचा नंबर लागला. मी दोन दिवसांच्या प्रवासानं आंबलेली, डोईवरचा पदर काळा झालेला, हातात लोणच्याची बरणी. प्लॅटफॉर्मवर त्यांच्याबरोबर तिघं-चौघं जवान होते, एकजण यांचं आडनाव घेऊन ओरडला, "डुबलची फॅमिली आली!" मी मागं वळून बघितलं. म्हटलं, आणखी कोण आलंय? सासू आली की काय? मागं कुणीच नव्हतं. मी एकटीच, आणि अख्खी फॅमिली. त्या दिवशी हे जे हसले तसे नंतर फार वेळा हसले नाहीत. बरणी त्यांनी माझ्या हातातून घेतली आणि क्वार्टरपर्यंत छातीशी धरून नेली. एक खोली, एक मोरी, भिंतीला चुना, आणि समोर हिवाळ्यात सकाळभर न हलणारं धुकं. तिथं दीड वर्ष राहिलो. माझ्या आयुष्यातलं ते दीड वर्ष कुणी भाड्यानं मागितलं तर मी किंमतच सांगू शकणार नाही. तिथं हे परेडवरून यायचे तेव्हा बूट दाराबाहेर काढताना दोनदा आपटायचे, मी त्या आवाजाला स्टोव्ह पेटवायची. मग वरची पोस्टिंग आली, जिथं बायको नेता येत नाही तिथली. कागदावर त्याला म्हणतात 'विदाउट फॅमिली'. मी पोटुशी, परत गावी. पुढं सगळी पोस्टिंग तशीच येत गेली, आणि जी तशी नव्हती तिथं राजनंदिनीची, आमच्या राजूची, शाळा आडवी आली. मी पोरीला घेऊन सांगलीत आले. जागा शोधताना मालक विचारायचे, "मिस्टर कुठं असतात?" मी सांगायची, बॉर्डरवर. "मग फॅमिली कुठंय?" मी म्हणायची, मीच फॅमिली. दारं बंद व्हायची. एकट्या बाईला जागा द्यायला लोक कसे कचरतात ते मी तेव्हा शिकले, आणि त्यातूनच हा धंदा शिकले.

हे रिटायर होऊन घरी आले, त्याला आता तीन वर्षं झाली. मिळालेल्या पैशात विश्रामबागेत फ्लॅट घेतला. दारावर पितळी पाटी लावली, तिच्यावर नाव त्यांचं. आत मात्र सवयी आमच्या, माझ्या आणि राजूच्या. कुठला डबा कुठं, कुठला बल्ब लावायचा नाही, कुठल्या खुर्चीत कोण बसतं, हे आम्ही दोघींनी इतक्या वर्षांत न बोलता ठरवून टाकलेलं. पूर्वी हे सुट्टीवर यायचे तेव्हा आम्ही घर सजवायचो, मटण आणायचो, राजू शहाण्यासारखी वागायची. सुट्टी संपली की घर पुन्हा आपल्या मापाचं व्हायचं. त्यात वाईट काही नव्हतं, पाहुणा गेला की चादर झटकतात तसं. पण या वेळी सुट्टी संपेचना. महिना झाला, वर्ष झालं, हे घरातच. आणि वागणं पाहुण्याचंच. जेवताना लोणच्याच्या बरणीकडे बघून विचारायचे, "घिऊ का?" स्वतःच्या पैशाच्या घरात, स्वतःच्या बायकोच्या हातचं लोणचं, आणि घिऊ का! माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. मी कपाटातले दोन कप्पे रिकामे करून दिले होते, नवा कागद घालून. ते अजून रिकामेच आहेत. त्यांचे कपडे त्यांच्या काळ्या लोखंडी ट्रंकेत, जिच्यावर पांढऱ्या रंगानं नाव आणि नंबर घातलाय. रोज सकाळी ट्रंक उघडायची, घडी काढायची, ट्रंक लावायची. ती कडी लावल्याचा आवाज मला नको व्हायचा. मी एकदा म्हटलं, "कपाटात ठेवा की, कुठं जायचंय तुम्हाला?" ते म्हणाले, "सवय हाय." तिथं विषय संपला. राजू पुण्याला गेल्यावर तर घरात आवाजच राहिला नाही. रोज एकच वाक्य ते मला न चुकता म्हणायचे. मी सकाळी स्कूटर काढली की वरून गॅलरीतून हाक यायची, "स्टँड काढ गं!" मला साइड स्टँड तसाच ठेवून गाडी पळवायची खोड आहे, एकदा पडता पडता वाचले होते. गल्लीतली माणसं वर बघायची, मला लाज वाटायची. मनात म्हणायची, बेचाळीस पिढ्यांचा उद्धार झाला, एवढंच बोलायला तोंड आहे.

त्या संध्याकाळी मी घरी आले तेव्हा हे गॅलरीत जुन्या वर्तमानपत्रावर बूट ठेवून पॉलिश करत होते. आता कुठं जायचं नसतं तरी बूट चकाकत असतात. मी पाय धुतले, कुकर लावला. फोडणीचा ठसका लागला आणि मी खोकले, तर त्यांनी गॅलरीचं दार उघडं केलं, मला वारा यावा म्हणून. अशी गोष्ट करणारा माणूस खोली शोधतो? मला वाटलं, चंद्राबाईंनी नीट ऐकलं नसेल. त्या ऐकण्यात पक्क्या आहेत हे मला माहीत होतं, तरी वाटलं. जेवताना ते म्हणाले, "उद्या सकाळच्याला जरा भाईर जाऊन येतो." मी विचारलं, "कुठं?" ते म्हणाले, "असंच." मी म्हणाले, "जा की." भाकरीचा तुकडा माझ्या हातात होता, तो आमटीत बुडाला आणि विरघळला, मला तो बोटांनी गोळा करावा लागला. विचारायला हवं होतं. एवढी मी तोंडाळ, घरमालकांना गप्प करून सोडते, आणि ताटाच्या पलीकडं बसलेल्या माणसाला एक प्रश्न विचारता येईना. विचारला असता तर उत्तर आलं असतं. हे खोटं बोलत नाहीत. तेच तर नको होतं. त्यांनी लोणच्याच्या बरणीकडे बघितलं. ते 'घिऊ का' म्हणायच्या आत मी बरणी त्यांच्याकडे सरकवली. त्यांनी एक फोड घेतली आणि म्हणाले, "बास."

अंथरुणाला पाठ टेकली आणि मी शब्दाला धरून बसले. बुडत्याला काडीचा आधार, तसा मला त्या शब्दाचा. 'फॅमिली न्हाई' म्हणाले म्हणजे काय म्हणाले? चंद्राबाईंच्या भाषेत त्याचा अर्थ, बायको वारलेली किंवा लग्नच झालेलं नाही. पण यांच्या भाषेत? पलटणीत जवानाला विचारतात, 'विथ फॅमिली की विदाउट फॅमिली?' विदाउट म्हणजे बायको नाही असं नव्हे. बायको आहे, खुशाल आहे, गावी आहे, फक्त सोबत नाही. आज नाही, उद्या नंबर लागला की येईल. ज्याला बायकोच नाही त्या शिपायाला हा प्रश्न कुणी विचारतच नाही. म्हणजे ते मला नाकारत नव्हते. ते एका पोस्टिंगवर निघाले होते. कसली पोस्टिंग, विश्रामबागेतून शंभर फुटीच्या मागं, चालत गेलं तरी घाम येणार नाही इतकी लांब! मला हसू आलं आणि त्याच हसण्यात रडू आलं. भिंतीकडे तोंड केलं. पलीकडं त्यांचा श्वास सरळ चालला होता, ते पहाऱ्यावरचं झोपणं, हाक मारली तर लगेच उठतील असं. हाक मारली असती तर. पण नावानं हाक मारायची नाही, आणि 'अहो' तर दिवसातून दहादा गॅसवरच्या दुधासाठीसुद्धा म्हणत होते.

सकाळी ते माझ्या आधी निघाले. त्यामुळं त्या दिवशी गॅलरीतून हाक आली नाही आणि मी स्टँड तसाच ठेवून कोपऱ्यापर्यंत गेले. वाटेत माझ्या डोक्यात भाव चालले होते. एका शब्दाचं काम होतं. 'मावशी, एकट्याला देऊ नका, बोर्ड काढा,' असं म्हटलं की संपलं, चंद्राबाई माझ्या शब्दाबाहेर नाहीत. किंवा भाडं असं सांगायचं की पेन्शनवाल्यानं हात जोडून परत जावं. पण ते दुसरीकडं बघतील. माझ्यासारखे छप्पन्न दलाल या गावात आहेत, कुणी तरी त्यांना कुठली तरी अंधारी खोली गळ्यात मारील, जिथं पाणी एक दिवसाआड येतं. चंद्राबाईंची खोली मी ओळखत होते. पूर्वेचं ऊन गच्चीवर येतं. पाणी भरपूर. ती जागा चांगली होती, हेच माझं दुखणं झालं. नवऱ्याला माझ्यापासून लांब राहायला मीच शोधली असती तरी याच्याहून बरी जागा मला सापडली नसती.

ते फाटकाशी उभे होते. पाठ ताठ, हात मागं. स्कूटरचा आवाज त्यांनी ओळखला असणार, कारण मी दिसायच्या आधीच त्यांनी मान वळवली. एक क्षण आम्ही एकमेकांकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं मला दिसलं, बिनकेसांची भुवई तेवढी हलली. मी त्यांना पकडलं म्हणून मला आनंद व्हायला हवा होता, झाला नाही. चोर सापडल्यासारखं तोंड मीच करून उभी होते. तेवढ्यात चंद्राबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "ही बघा माझी बाई. हिनं सांगितलं की झालं. क्रांते, हेच ते." आता मी एकच गोष्ट बोलले असते, 'मावशी, हे माझे मालक', तर सगळं तिथंच फुटलं असतं. माझी जीभ त्याच्यापाशी आलीही होती. पण मी रोज शंभरजणांना म्हणते तेच तोंडातून निघालं. "नमस्कार. या, वर या. खोली नीट बघितलीत का तुम्ही?" यात मला काही बदलावंही लागलं नाही, मी त्यांना घरीही 'तुम्ही'च म्हणते. बदलायचं त्यांना होतं. ते माझ्या मागून जिना चढायला लागले आणि म्हणाले, "बघितली. तुमी दाखवा की परत." तुमी. पहिल्या रात्रीपासून आजवर मी 'तू' होते. रागात, लाडात, फोनवर, पोरीच्या जन्माच्या वेळी, तू. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माझ्या नवऱ्यानं मला पहिल्यांदा मान दिला आणि माझ्या पायाखालची जिन्याची पायरी हलली. मी कठडा धरला. चंद्राबाई मागून म्हणाल्या, "सावकाश गं, पायऱ्या उंच हायती."

मी त्यांना खोली दाखवली. दुसरं काय करणार? खिडकी उघडली, नळ सोडला, पाणी आलं. ऊन कुठून येतं ते सांगितलं. पुरात इथं पाणी आलेलं नाही हेही सांगितलं. माझा आवाज चालत होता, मी त्याच्या मागून. ते ऐकत होते, हुकूम ऐकावा तसं. खोलीत बंद जागेचा, चुन्याचा आणि कुठंतरी मेलेल्या पालीचा वास होता. अंबाल्याच्या क्वार्टरला असाच चुन्याचा वास होता. त्यांनाही तो आला असावा, कारण ते भिंतीजवळ गेले आणि तिच्यावर तळहात टेकवून उभे राहिले. तेव्हा मला कळलं. दुसरी बाई नाही, भांडण नाही, माझा राग नाही. या माणसाला एक रिकामी खोली पाहिजे होती, जिथल्या डब्यांच्या जागा दुसऱ्या कुणी ठरवलेल्या नाहीत. मला हे कळलं आणि त्यानं दुःख कमी झालं नाही, उलट भांडायलाही जागा उरली नाही. त्यांनी वर माळ्याकडे बघितलं. "ट्रंक मावंल न्हवं वर?" ते म्हणाले. कुणाला विचारलं ते कळलं नाही. मी म्हणाले, "मावेल. काळी, तीन फुटी ना? आरामात मावेल." चंद्राबाई माझ्याकडे बघायला लागल्या, मी घाईनं म्हणाले, "मिलिटरीतल्यांची तसलीच असते, मावशी."

मग चंद्राबाईंनी त्यांच्या पद्धतीनं सरळच विचारलं. "आवं, फॅमिली न्हाई म्हणालासा. वारली का?" मी खिडकीची कडी चाळवत होते, बोटं तिथंच थांबली. "न्हाई, न्हाई," ते पटकन म्हणाले. "तसं वंगाळ बोलू नगा. हाय. खुशाल हाय." चंद्राबाईंना जरा बरं वाटलं. "मग आणा की हितं. माणसाला माणूस पायजे. आन भाडंबी कमी पडंल, फॅमिलीला मी साडेपाचच घेती." त्यांनी तळहाताला लागलेला चुना पुसला. खाली रस्त्यावरून भंगारवाल्याचा भोंगा ओरडत गेला. मी पाठमोरी होते आणि मनात म्हणत होते, म्हणा, आणतो. नुसतं म्हणा, बघू. नंबर लागला की आणतो म्हणा. मी गच्चीत तुळस लावीन, मी डबे कुठंही ठेवू देईन, सगळे डबे जमिनीवर ठेवा. "तिचं घर हाय ओ," ते शेवटी म्हणाले. "लय चांगलं घर हाय तिचं. तिनं उभं केलंय. तिला हितं कशाला आणू? मलाच तितं काय… जमंना." आणि थोड्या वेळानं, अगदी हळू, "तिची काय चूक न्हाई." चंद्राबाईंना यातलं काही लागलं नाही. त्यांनी व्यवहाराकडं मोर्चा वळवला. "मग क्रांते, तूच सांग. बायको हाय म्हणत्यात, पर येनार न्हाई म्हणत्यात. आता काय लावू? फॅमिलीचं भाडं लावू का एकट्याचं?"

इतकी वर्षं मी जागांचे भाव सांगतेय, माझा आकडा कधी चुकला नाही. लोक म्हणतात, क्रांतीताई बघून सांगतात. मी वळले. ते माझ्याकडे बघत होते, आणि ते बघणं मी ओळखलं. लोणच्याच्या बरणीकडे बघून विचारतात ना, तेच. घिऊ का? परवानगी मागत होते. माझ्या घरात राहून कधी काही न मागता घेतलं नाही त्यांनी, जाणंही मागूनच. फॅमिलीचं लावा म्हटलं असतं तर हजार रुपये वाचले असते त्यांचे आणि माझीही एक काडी शिल्लक राहिली असती धरायला. पण मग ते रोज त्या खोलीत एका फॅमिलीचं देणं लागत बसले असते. मला तसं नको होतं. मोकळं जायचं तर पुरतं मोकळं जावं. "एकट्याचं लावा, मावशी," मी म्हणाले. आवाज बरा निघाला. "ते एकटेच राहणार आहेत." त्यांनी मान खाली घातली. एकदा होकाराची हलवली. कुणीच घासाघीस केली नाही म्हणून चंद्राबाईंनाच चुकल्यासारखं झालं असावं, त्या म्हणाल्या, "चहा टाकती," आणि मी म्हणाले, नको, मला दुसरीकडं जायचंय. दारापाशी थांबून मी शेवटचं सांगितलं, "ही कडी जरा वर उचलून मग ओढायची. नाही तर अडकते." ते म्हणाले, "ध्यानात ठेवीन." जिना उतरताना मी पायऱ्यांकडे बघितलं नाही.

दोघंही मला पोचवायला फाटकापर्यंत आले, चंद्राबाई पुढं, ते मागं. चंद्राबाई मला दलालीबद्दल काहीतरी सांगत होत्या, माझं लक्ष नव्हतं. ऊन झालं होतं. स्कूटरची सीट तापली होती. मला तिथून फक्त निघायचं होतं, कोपरा ओलांडून जिथं कुणी ओळखत नाही अशा जागी गाडी थांबवून जे काय करायचं ते करायचं होतं. मी बटण दाबलं, गाडी सुरू झाली, आणि मी मूठ पिळली.

"स्टँड काढ गं!"

चंद्राबाई गर्रकन वळल्या. परक्या बाईला भर रस्त्यात असं गं-तुगं केलेलं त्यांना मुळीच खपलं नाही. "आवं, काय बोलता? मॅडम हायत त्या, त्यास्नी गं काय म्हणता?"

ते फाटकाच्या आत उभे होते, हात अजून वर उचललेला. तो त्यांनी खाली घेतला.

"चुकलं," ते म्हणाले. माझ्याकडे बघत नव्हते. "माफ करा, मॅडम. फॅमिलीला म्हणायची सवय हाय."

मी स्टँड काढला.